पडायची तालीम

“ऊठ. परत पड,” हिंदुराव वस्ताद म्हणाले.

फायनलच्या आधीचा गुरुवार होता. तालमीमागच्या माळावर मी सातव्यांदा पडलो होतो. कोपर सोललं होतं, दातांत माती आली होती आणि वस्तादांना माझा गुडघा अजून पटत नव्हता. त्यांचं म्हणणं असं, की ज्याला खरंच लागतं तो आधी ओरडत नाही. त्याला आधी नवल वाटतं, मग तो गुडघ्याकडे बघतो, मग हात वर करून डॉक्टरला बोलावतो आणि त्यानंतर बोंब मारतो. मी सगळं एकदम करत होतो. म्हणून उठलो, चार पावलं पळालो आणि आठव्यांदा पडलो. या खेपेला आधी नवल केलं.

“आत्ता कसं,” वस्ताद म्हणाले आणि त्यांनी टोपी डोक्यावर घातली.

टोपी ही आमची खूण होती. सामना चालू असताना लाइनीबाहेर उभ्या असलेल्या वस्तादांनी टोपी काढून हातात घेतली, की मी पडायचं. टोपी परत डोक्यावर गेली, की उठायचं. मधल्या वेळात आभाळ कोसळलं तरी जमीन सोडायची नाही. खंदक तालमीच्या फुटबॉल संघात सर्जेराव इंगवले लेफ्ट बॅक खेळतो, असं कागदावर लिहिलेलं असायचं. पण ती जागा मला कशामुळे मिळाली होती हे अख्ख्या कोल्हापूरला ठाऊक होतं.

वेळ खायची कला आमच्याकडे सगळ्यांनाच येत होती. आमचा गोलकीपर एका सामन्यात चार वेळा बुटाची नाडी बांधायचा. थ्रो घ्यायला एकजण जायचा, चेंडू डोक्यावर धरायचा आणि मग आठवण झाल्यासारखा दुसऱ्याच्या हातात द्यायचा. बदली खेळाडू बाहेर येताना वरातीतल्या नवरदेवासारखा चालत यायचा. पण हे सगळे हौशी कलाकार, मी खास नेमलेला. एकोणिसाव्या वर्षी एका सामन्यात माझ्या पोटरीत खरोखरच गोळा आला होता आणि मी मैदानात गडाबडा लोळून रडलो होतो. तेवढ्यात समोरच्या संघाची चढाई थंडावली आणि आम्ही सामना काढला. त्या दिवशी वस्तादांना हिरा सापडला. स्ट्रेचरवर घेतलं की कुशीवर वळून परत खाली पडायचं, हा तर त्यांचा स्वतःचा शोध होता. आज हे सांगताना शिसारी येते. तेव्हा येत नव्हती, उलट छाती फुगायची, ही त्याहून वाईट गोष्ट.

मी एकदा त्यांना विचारलं होतं, की रेफरी घड्याळ थांबवतो, गेलेला वेळ शेवटी वाढवून देतो, मग आपल्या हाताला काय लागतं? वस्ताद हसले होते.

“घड्याळ थांबतंय रं. पण पळणाऱ्याचं अंग थंड पडतंय, त्याचं काय? बुरूज पेठंचं इंजिन तापाय अर्धा तास लागतोय. तापलं, की आपण पाणी वतायचं. वेळ परत देता येती, ऊब न्हाई देता येत.”

फायनल बुरूज पेठेशीच होती. अकरा वर्षं कप आमच्या तालमीत आला नव्हता. माझी तर ती पहिलीच फायनल, आणि वस्तादांनी स्पष्ट सांगितलं होतं की हा कप आला तर पुढच्या हंगामात माझी जागा पक्की, नाही तर ते दुसरा बॅक बघणार. बाविसाव्या वर्षी तालमीच्या जर्सीशिवाय माझ्याकडे मिरवण्यासारखं दुसरं काही नव्हतं.

रविवारी सकाळी मी परसूमामांकडे बूट आणायला गेलो.

परशराम सातपुते स्टेडियमच्या दाराशी कडुनिंबाखाली बसायचे. पुढ्यात ऐरण, बाजूला आरी, रापी आणि खिळ्यांचा डबा. आमच्या काळात फुटबॉलचे बूट आयुष्यभराचे असत. तळव्याखालचे स्टड झिजले की मामांकडून नवे ठोकून घ्यायचे. खंदक तालीम असो की बुरूज पेठ, सगळ्यांचे बूट मामांच्याच हाताखालून जायचे, आणि म्हणून फायनलच्या दिवशी ते दोन्ही संघांचा रंग टाळून पांढरा सदरा घालायचे. गेली दोन वर्षं डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता. काम ते बोटांनी चाचपून करायचे, पण कुणाचा स्टड कधी निघाल्याचं ऐकिवात नव्हतं. त्यांचा एकच हट्ट असे. बूट असाच न्यायचा नाही, आधी प्रत्येक स्टड स्वतः ओढून बघायचा.

“लाव जोर,” मामा म्हणाले. “फायनल हाय. निघाला तर आत्ताच निघू दे.”

मी दोन्ही हातांनी ओढला. बूट वर आला, मामांचा हात वर आला, स्टड जागचा हलला नाही. मी म्हणालो, मामा, माणूस मोडेल पण हा निघायचा नाही. ते खूश झाले. गॅलरीच्या वरच्या पायरीवर बसणार आहे, असं त्यांनी सांगितलं. तिथे सावली असते. सोबत पिशवीत हातोडी आणि खिळे आणणार होतेच.

“तरी बी काय झालंच तर हात वर कर. मला दिसायचं न्हाई, पर शेजारचा सांगंल. मी खाली येतो.”

मी बरं म्हणालो. कुणाच्या म्हणण्याला बरं म्हणायला काय लागतं. दुपारपर्यंत ते बोलणं मी विसरूनही गेलो होतो.

चार वाजता सामना सुरू झाला. एप्रिलचं ऊन, गॅलरी कडेपर्यंत भरलेली. पहिल्या हाफमध्ये आमच्या फॉरवर्डच्या पायाला लागून एक चेंडू कसाबसा गोलमध्ये गेला आणि आम्ही एक-शून्यने पुढे झालो. त्यानंतर आम्ही फुटबॉल खेळलोच नाही. चेंडू आला की गॅलरीत मारायचा, गोल किक आली की गोलकीपरने नाडी शोधायची. मी दोनदा पडलो. दोन्ही वेळा बुरूज पेठेच्या बाजूने “ॲक्टर, ॲक्टर” असा घोष झाला आणि आमच्या बाजूने टाळ्या पडल्या. रेफरी घाटगे मास्तर शाळेत चित्रकला शिकवायचे आणि मैदानात कुणाच्या बापाला भीत नसत. दुसऱ्या वेळी ते माझ्या डोक्याशी येऊन उभे राहिले, मनगट माझ्या नाकासमोर धरलं आणि शांतपणे म्हणाले, “इंगवले, घड्याळ बंद केलंय मी. निवांत झोप.”

दुसऱ्या हाफला निम्मा वेळ गेला आणि बुरूज पेठेचं इंजिन तापलं. त्यांचा फिरोज बागवान उजवीकडून, म्हणजे माझ्याच बाजूने येत होता. त्या दिवशी तो जे खेळत होता ते बघायला खरं म्हणजे मी गॅलरीत असायला हवं होतं. पाच मिनिटांत त्याने मला तीनदा चकवलं. एकदा चेंडू खांबाला लागला, एकदा आमच्या गोलकीपरने नाडीचा नाद सोडून खरोखर उडी मारली म्हणून वाचलो. आता गोल होणार हे दोन्हीकडच्या लोकांना कळलं होतं. गॅलरीचा आवाज चढत चालला होता. मी लाइनीकडे बघितलं. वस्तादांनी टोपी काढली.

फिरोज माझ्या जवळपासही नव्हता. मी धावता धावता थांबलो, नवल केलं, पडलो, गुडघ्याकडे बघितलं, हात वर केला आणि ओरडलो. शिट्टी वाजली. गॅलरीतून बूट, चपला, संत्र्याच्या साली, काय काय येऊन पडलं. फिरोज कमरेवर हात ठेवून माझ्याकडे बघत उभा राहिला. तो शिवी देईल असं वाटलं होतं. त्याने फक्त तोंड फिरवलं.

त्या काळी मैदानावर एकच डॉक्टर असायचे आणि एकच स्ट्रेचर, तेही कुठल्याशा दवाखान्यातून मागून आणलेलं. डॉक्टर हेर्लेकर पेटी घेऊन पळत आले, मागून दोघे स्ट्रेचर घेऊन. मला वर घेतलं. मी कुशीवर वळून खाली पडलो. परत घेतलं, परत पडलो. माझी हात वर करून बोंबलण्याची पाळी संपत आली होती तेव्हा गॅलरीचा आवाज बदलला.

आधी मला वाटलं, मारामारी जुंपली. मग बघितलं, पायऱ्यांवर मधोमध गर्दी फाकली होती आणि एकजण टॉवेल फिरवत होता. एक पोलीस दोरीजवळ पळत आला. कुणीतरी पायरीवरून कोसळलंय, घाम सुटलाय, शुद्ध नाही, डॉक्टरला आणि स्ट्रेचरला लगेच पाठवा, असं तो सांगत होता. मी तिघांच्या पायांमधून बघत होतो. तिथून मला फक्त लोकांच्या पाठी दिसल्या.

डॉक्टर उठून उभे राहिले. गॅलरीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि परत खाली वाकले. त्यांचं तोंड माझ्या कानाशी आलं.

“खरं सांग मला. लागलंय का?”

मी लाइनीकडे बघितलं. वस्तादही गॅलरीकडेच बघत होते, म्हणजे त्यांनीही पाहिलं होतं. मग त्यांनी मान वळवली आणि आमची नजरानजर झाली. टोपी त्यांच्या हातात होती. ते ती दोन्ही हातांनी धरून उभे होते आणि ती डोक्याकडे जाईना.

“गुडघा गेलाय, डॉक्टर,” मी म्हणालो. “हलवू नका.”

डॉक्टरांनी पोलिसाला हात केला, थांबा म्हणून. माणसाला आडवं करा, सदऱ्याची बटणं काढा, वारा घाला, मी येतोच, असं ओरडून सांगितलं. मग गुडघ्यावर बसून त्यांनी माझा पाय दोन्ही हातांत घेतला. बोटं नेमकी फिरत होती. वाटी दाबली, बाजू दाबली, पाय हळूच वाकवला. मी प्रत्येक ठिकाणी ओरडलो. शिकवलेलं सगळं त्या वेळी इतकं बेमालूम जमलं की दुसऱ्या कुठल्या कामात माझा हात इतका बसलेला मला आठवत नाही. त्यांनी पेटीतून पट्टी काढली. पट्टी बांधून होत आली तेव्हा टोपी डोक्यावर गेली.

मी उठलो. दोनदा लंगडलो, तिसऱ्या पावलाला नीट चाललो. आमच्या बाजूने हशा आणि टाळ्या. डॉक्टर तसेच गुडघ्यावर बसलेले होते, पट्टीचं टोक हातात धरून. त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, जसं आपण चप्पल उचलून तळव्याला काय लागलंय ते बघतो. मग ते आणि स्ट्रेचरवाले गॅलरीकडे पळाले.

घाटगे मास्तरांनी शेवटी खेळ वाढवून दिला. माझी पडझड त्यांनी सेकंदासकट मोजली होती. त्या शेवटच्या पडण्याची चार मिनिटं होती, असं त्यांनी आमच्या कॅप्टनला सुनावलं, आणि ती चारही त्यांनी बुरूज पेठेला परत दिली. पण वस्तादांचं खरं ठरलं. फिरोजचं अंग थंड पडलं होतं. त्याचा एक फटका बारवरून गेला, दुसरा तर गोलकीपरच्या हातातच आला. लांब शिट्टी झाली. आम्ही जिंकलो.

गुलाल, हलगी, ट्रॅक्टरवर कप. वस्तादांनी मला खांद्यावर घेतलं. “कप ह्येच्या गुडघ्यानं आणला,” असं ते दिसेल त्याला सांगत होते आणि लोक माझ्या गुडघ्याला हात लावून नमस्कार करत होते, थट्टेने आणि खरोखरही. मिरवणूक स्टेडियमच्या दारातून बाहेर पडली, कडुनिंबापाशी आली आणि तिथे कुणीतरी म्हणालं, की गॅलरीत पडला तो आपला परसूमामा. दवाखान्यात नेईपर्यंत गेला.

हलगी थांबली. मी खांद्यावरून खाली उतरलो, की मला उतरवलं, ते आठवत नाही. मामांची बसायची फळी झाडाला टेकवून ठेवलेली होती. मग मागून एकाने विचारलं की मामा कुठल्या पेठेचे, दुसरा म्हणाला की कुठल्याच नाही, आणि हलगी परत सुरू झाली. मीही चालत राहिलो. माझ्या तोंडात गुलाल गेला होता, तो थुंकत थुंकत.

रात्रीच्या जेवणात वस्तादांनी मला बाजूला घेतलं. मी काही विचारलं नव्हतं, तरी ते म्हणाले, कोण पडलंय ते कुणाला ठाऊक होतं? आणि चार मिनिटांनी असं काय झालं असतं? माणसाची वेळ भरली की भरली. ते बोलणं ऐकून मला बरं वाटलं, आणि बरं वाटलं याची लगेच किळस आली. डॉक्टर हेर्लेकरांना मात्र मी कधी काही विचारलं नाही. विचारलं असतं तर त्यांनी खरं सांगितलं असतं.

पुढे मी आणखी दोन हंगाम खेळलो. टोपी निघाली की पडलोही. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे कुणी माझ्याकडून पश्चात्तापाची भलती अपेक्षा धरू नये.

पाचव्या दिवशी मी मामांच्या घरी भेटायला गेलो. अनसूयामामी उंबऱ्याशी बसली होती. लहानपणी मामांना जेवणाचा डबा घेऊन ती झाडाखाली यायची तेव्हा आम्हा पोरांच्या हातावर शेंगदाणे ठेवायची. तिने मला ओळखलं, आत बोलावलं, पाणी दिलं. भिंतीला मामांची पिशवी टांगलेली होती. हातोडीचा दांडा बाहेर आलेला होता.

“तुझा पाय कसा हाय?” तिने विचारलं.

मी बरा आहे म्हणालो. ती माझ्या गुडघ्याकडे बघत राहिली.

“एक इचारायचं हुतं तुला,” ती म्हणाली. “त्यांच्या शेजारी बसलेला माणूस परवा येऊन गेला. त्यानं सांगितलं, तू पडलास तवा ह्यांनी इचारलं कोण पडलं. तो म्हणाला, खंदकाचा सर्ज्या. हात वर केलाय का, म्हणून इचारलं. केलाय म्हणाला. तशी हे उठले, पिशवी घेतली. तो म्हणाला, मामा बसा, त्याचं नाटक असतंय. सगळी बाजू हसत हुती म्हणं. तर हे म्हणाले, नाटक कशाला करंल? सकाळी मीच स्टड मारलाय. माझा स्टड निघाला असणार.”

मी पाण्याचा तांब्या हातात धरून बसलो होतो.

“डोळ्यानं दिसत न्हाई, दम लागतोय, आनि त्या उन्हात पायऱ्या उतराय लागले. दोन-दोन पायऱ्या, त्यो माणूस सांगत हुता. आयुष्यात कुणाचा स्टड निघाला न्हाई त्यांच्या हातनं. ह्ये मनाला लावूनच गेले असतील. तर आता तू सांग. लोकांचं खरं, का त्यांचं?”

अख्ख्या स्टेडियममध्ये माझ्या पडण्यावर विश्वास ठेवणारा एकच माणूस होता, आणि तो पिशवी घेऊन माझ्याकडे यायला निघाला होता. हे मला तेव्हा कळलं. आणि ते कळल्यावर मी काय करावं? लोकांचं खरं म्हणालो, तर मीच त्यांना पायऱ्यांवरून खाली ओढलं हे त्यांच्या बायकोच्या तोंडावर कबूल करायचं. मामांचं खरं म्हणालो, तर चाळीस वर्षांत न निघालेला स्टड निघाला म्हणायचं.

“मामांचंच खरं,” मी म्हणालो. “स्टड निघाला, मामी.”

शिवाय मानही खाली घातली मी. मेलेल्या माणसाचा शब्द राखल्यासारखी.

मामी म्हणाली, “कुठला?”

“उजव्या बुटाचा. पुढचा.”

“घेऊन ये. त्यांचं काम अर्धं नको र्‍हायला. मी बसवून देते. मला येतंय.”

मी घरी गेलो. बूट खिळ्याला टांगलेले होते, अजून मैदानाची माती लागलेले. उजवा काढला आणि पुढचा स्टड बोटांनी ओढला. अर्थातच हलला नाही. घरात माणसं होती म्हणून बूट घेऊन परसात गेलो, धुण्याच्या दगडावर बसलो आणि पक्कड लावली. दोन्ही हातांनी पिळली. स्टड हलेना. पक्कड घसरून हाताला लागली, रक्त आलं. बूट गुडघ्यांत दाबून धरला, परत लावली. मामांनी तीन खिळे मारले होते आणि तिन्ही आतून वळवलेले होते. आई आतून दोनदा म्हणाली, काय करतोयस, जेवायला ये. मी म्हणालो, आलोच. अर्धा तास तरी गेला असेल. शेवटी पक्कड दगडावर टेकवून अंगाचा सगळा भार टाकला तेव्हा तळव्याच्या चामड्याचा तुकडा घेऊनच तो बाहेर आला.

बूट एका हातात आणि स्टड दुसऱ्या हातात घेऊन मी परत गेलो.

मामीने पिशवी भिंतीवरून काढून ठेवली होती. ऐरण पुढे ओढलेली, तोंडात तीन खिळे धरलेले, मामा धरायचे तसेच. तिने बूट ऐरणीवर उलटा घातला आणि माझ्या हातातला स्टड घेतला. बसवायच्या आधी अंगठा फिरवला. एकदा फिरवला, मग दिवा जवळ घेतला आणि परत फिरवला. स्टडच्या दोन्ही अंगांना पक्कडीचे दात उमटले होते. मग तिने बुटाच्या तळव्यावर बोट ठेवलं, जिथून चामडं फाटून आलं होतं तिथे, आणि वाकलेल्या खिळ्यांची टोकं एकेक करून चाचपली.

तिने तोंडातले तिन्ही खिळे काढून डब्यात टाकले.

“घट्ट हुता,” ती म्हणाली. माझ्याशी नाही, पिशवीकडे बघून म्हणाली. तिचे डोळे भरून आले होते, पण तोंडावर समाधान होतं. खोटं कशाला सांगू, समाधानच होतं.

मग तिने स्टड बुटात टाकला आणि बूट माझ्यापुढे सरकवला. हातात दिला नाही. जिने लहानपणापासून मला अरे-तुरे केलं होतं, ती म्हणाली,

“दुसऱ्या कुणाकडनं बसवून घ्या तुमी.”